आरटी कर्नलवर मॉड्यूल चढत नाही, आणि चढलं तरी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मशीनच्या औद्योगिक पीसीत एक पीसीआय डिजिटल आय/ओ कार्ड आहे. त्याचा ड्रायव्हर तुम्ही स्वतः लिहिलाय आणि डेबियन १३ च्या साध्या ६.१२ कर्नलवर तो बिनबोभाट चालतोय. आता कंट्रोलची सायकल १ मिलिसेकंदावरून २५० मायक्रोसेकंदांवर आणायची आहे, म्हणून ६.१२ चाच सोर्स उतरवून, प्रीएम्प्ट-आरटी (कर्नलला रिअल-टाइम, म्हणजे वेळेला पक्का, करणारा पर्याय) चालू करून तुम्ही कर्नल बिल्ड केला. जुनी मॉड्यूल फाइल (ड्रायव्हरची, चालू कर्नलमध्ये चढवायची फाइल) इन्समॉड कमांडने चढवली तर ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’. त्यावर तुमचे तीन प्रश्न: आवृत्ती तीच असताना असं का, फोर्स करून चढवलं तर चालेल का, आणि पीआयडीचा, म्हणजे मशीनला नियंत्रणात ठेवणाऱ्या गणिताचा, लूपही मॉड्यूलमध्येच टाकला तर काम जास्त वेगाने होईल का.

पहिले दोन प्रश्न तासाभरात मिटतील. तुमचं खरं दुखणं तिसऱ्यात आहे, पण क्रमाने जाऊ. कमांड आणि फंक्शनांची नावं मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर ती नेहमीच्या स्पेलिंगनेच टाइप करायची.

मॉड्यूल फाइलवर मॉडइन्फो ही कमांड चालवा आणि व्हरमॅजिक नावाची ओळ बघा. त्यात फक्त आवृत्तीचा आकडा नसतो. एसएमपी (अनेक प्रोसेसरांचा आधार) आहे का, प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवणं) कोणत्या प्रकारचं आहे, मॉड्यूल काढता येतं का, मॉडव्हर्जन्स (फंक्शनांचे चेकसम जुळवून बघणारी सोय) चालू आहेत का, हेही तिथे लिहिलेलं असतं. डेबियनच्या साध्या कर्नलवर बिल्ड केलेल्या फाइलीत ‘प्रीएम्प्ट’ दिसेल, आणि तुमच्या नव्या कर्नलला तिथे ‘प्रीएम्प्ट-आरटी’ हवं आहे. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, कर्नलने हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेले असतील. इन्समॉडचा संदेश फारच त्रोटक असतो. खरं कारण नेहमी डीमेसेजमध्ये सापडतं.

एका शब्दावरून कर्नल एवढं का अडवतो? साध्या कर्नलमध्ये, डीबगचे पर्याय बंद असताना, ६४-बिट एक्स८६ वर स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत प्रोसेसर जागेवर फिरत राहतो असं कुलूप) ४ बाइटचा असतो. आरटी कर्नलमध्ये तोच स्पिनलॉक आतून आरटी-म्यूटेक्स, म्हणजे थांबणाऱ्याला झोपवणारं कुलूप, होतो. त्यात कोण थांबलंय त्यांचं झाड आणि कुलूप कोणाकडे आहे त्याचा पॉइंटर येतो, आणि तो ३२ बाइटचा बनतो. आता तुमच्या ड्रायव्हरमधली वेट-क्यू, म्हणजे वाट बघणाऱ्या थ्रेडांची रांग, घ्या. तिच्या पोटात एक स्पिनलॉक असतो. जुन्या हेडर्सवर (कर्नलच्या रचनांची वर्णनं असलेल्या फाइलींवर) कंपाइल झालेल्या मॉड्यूलने तिच्यासाठी लहान जागा राखली. वेट-क्यूची मांडणी करणारं फंक्शन मात्र कर्नलमध्ये आहे, आणि ते मोठ्या मापाने लिहिणार. शेजारी जे काही असेल त्यावर शाई सांडली. तेव्हा फोर्स करायचं नाही. कर्नलने दार लावलंय ते विनाकारण नाही.

आता बिल्डकडे. माझा पहिला सल्ला ऐकायला कंटाळवाणा वाटेल: स्वतः कर्नल बिल्ड करूच नका. डेबियनमध्ये आरटी कर्नलचं तयार पॅकेज आहे, लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४, आणि त्याच्या जोडीला लिनक्स-हेडर्स-आरटी-एएमडी६४. दोन्ही एकदम बसवा, त्या कर्नलमध्ये बूट व्हा आणि मॉड्यूल पुन्हा बिल्ड करा. तुमची मेकफाइल लिब-मॉड्यूल्समधल्या चालू कर्नलच्या ‘बिल्ड’ फोल्डरकडे बोट दाखवत असेल, तर तिच्यात एक अक्षरही बदलावं लागणार नाही.

स्वतःचाच कर्नल हवा असेल, कधीकधी बोर्डच्या ड्रायव्हरसाठी तो लागतोच, तर सोर्स ट्रीमध्ये ‘मेक बिनडेब-पीकेजी’ चालवून इमेज आणि हेडर्स दोन्हींची पॅकेजेस काढा. मी बघितलेल्या निम्म्या तक्रारी एकाच गोष्टीच्या होत्या: कर्नल एका मशीनवर बिल्ड केला, मॉड्यूल्सचं फोल्डर दुसऱ्या मशीनवर कॉपी केलं, आणि तिथली ‘बिल्ड’ नावाची लिंक हवेत लटकत राहिली. मग कोणीतरी ‘मेक मॉड्यूल्स-प्रिपेअर’ करून पुढे जातं. त्याने हेडर्स तयार होतात खरे, पण मॉड्यूल-डॉट-सिमव्हर्स ही फाइल होत नाही. कर्नल कोणती फंक्शनं बाहेर देतो आणि प्रत्येकाचा चेकसम काय, याची ती यादी असते. मॉडव्हर्जन्स चालू असेल तर ती लागतेच, आणि ती फक्त पूर्ण बिल्डमधून मिळते. दुसरीकडून आणून ठेवलेली सिमव्हर्स फाइल वापरलीत, तर ‘डिसॅग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल’ हा संदेश ठरलेला.

बारीकसारीक अडचणी पटकन सांगतो. गिटमधून घेतलेल्या ट्रीत टॅगवर नसाल तर आवृत्तीच्या शेवटी अधिकचं चिन्ह चिकटतं, आणि तेवढ्यावरून व्हरमॅजिक जुळत नाही. कंपायलर कर्नलला वापरलेलाच ठेवा. बीटीएफ (डीबगसाठीची माहिती) वगळल्याची सूचना आली तर दुर्लक्ष करा. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूल साइन करावं लागेल. मॉड्यूलचं लायसन्स जीपीएल नसेल, तर आरटीवर नेहमी लागणारी काही फंक्शनं, मायग्रेट-डिसेबल त्यातलंच एक, तुम्हाला मिळणार नाहीत आणि बिल्ड शेवटच्या टप्प्यावर अडेल.

एक गोष्ट मात्र ठळक सांगतो, कारण तिने माझे तीन दिवस खाल्लेत. व्हरमॅजिकमध्ये सगळं कॉन्फिग नसतं. काही वर्षांपूर्वी एका पॅकिंग मशीनच्या कामात मी आरटी कर्नलचा एक डीबग पर्याय बदलला आणि कर्नल पुन्हा बिल्ड केला, पण मॉड्यूल मात्र दुसऱ्या मशीनवर पडून असलेल्या जुन्या हेडर्सवरच बिल्ड झालं. मॉडव्हर्जन्स बंद होतं. आवृत्ती तीच, प्रीएम्प्ट-आरटी तेच, त्यामुळे कर्नलने निमूटपणे मॉड्यूल आत घेतलं. कार्ड चालायला लागलं. दुपारच्या सुमारास मशीन गोठायचं, दरवेळी वेगळ्या जागी. मी आधी एसएमपीएसवर संशय घेतला, मग अर्थिंगवर, मग बिचाऱ्या इलेक्ट्रिशियनवर. दोष सर्वस्वी माझा होता: डीबग पर्यायाने कर्नलमधल्या कुलपांची मापं बदलली होती आणि मॉड्यूल जुनीच मापं धरून बसलं होतं. तेव्हापासून मी मॉडव्हर्जन्स कधी बंद ठेवत नाही, आणि कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप बिल्ड व्हावं म्हणून डीकेएमएस लावतो.

आता समजा मॉड्यूल नीट बिल्ड झालं आणि चढलं. साध्या कर्नलवर बरोबर असलेला कोड आरटीवर चुकीचा ठरू शकतो, आणि तुमच्या ड्रायव्हरमध्ये असं काहीतरी असण्याची शक्यता मोठी आहे.

आरटीवर स्पिनलॉक धरलेला थ्रेड झोपू शकतो आणि त्याच्यावर दुसरा थ्रेड स्वार होऊ शकतो. ‘स्पिन-लॉक-आयआरक्यू-सेव्ह’ हे नाव तेच राहतं, पण तिथे ते इंटरप्ट बंद करत नाही. बहुतेक ड्रायव्हरांना त्याने काही फरक पडत नाही, कारण इंटरप्ट हँडलरही आता स्वतंत्र थ्रेडमध्ये चालतो आणि त्याच कुलपासाठी थांबतो. गोची होते ती हाताने ‘लोकल-आयआरक्यू-सेव्ह’ करून पुढच्या ओळीत साधा स्पिनलॉक घेणाऱ्यांची. साध्या कर्नलवर ते चालतं. आरटीवर इंटरप्ट बंद असताना झोपू शकणारं कुलूप मागितलं म्हणून ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ मिळेल. ही जोडी दिसली की दोन्ही ओळी काढून एकच स्पिन-लॉक-आयआरक्यू-सेव्ह लिहा.

मग लोक म्हणतात, सगळीकडे रॉ-स्पिनलॉक वापरू, तो तर जुन्यासारखाच आहे ना. आहे, आणि म्हणूनच तो जपून वापरायचा. रॉ कुलपाच्या आतला प्रत्येक मायक्रोसेकंद सगळ्या सिस्टिमच्या लॅटन्सीत, म्हणजे प्रतिसादाच्या उशिरात, जमा होतो. त्याच्या आत के-मॅलॉक करता (मेमरी मागता) येत नाही, ‘न झोपता दे’ सांगणारं जीएफपी-ॲटॉमिक दिलं तरीही नाही, कारण आरटीवर मेमरी देणाऱ्या यंत्रणेचीच आतली कुलपं झोपणारी आहेत. माझा नियम साधा आहे: रॉ कुलपाच्या आत चार-पाच रजिस्टर लिहिणं, बस. लूप नाही, यू-डिले नाही, प्रिंट नाही. पीसीआयवरचं रजिस्टर वाचणंसुद्धा मी तिथे मोजून करतो, कारण कार्डाकडून उत्तर येईपर्यंत प्रोसेसर ताटकळत उभा असतो. लिहिणं तुलनेने स्वस्त पडतं.

टायमर वापरत असाल तर एचआर-टायमरचे (बारीक मापाच्या टायमरचे) कॉलबॅक आरटीवर आपसूक सॉफ्ट-आयआरक्यूमध्ये, म्हणजे इंटरप्टनंतर उरकायच्या कामांत, ढकलले जातात. खऱ्या इंटरप्टच्या संदर्भातच कॉलबॅक हवा असेल तर टायमर ‘हार्ड’ मोडमध्ये मागावा लागतो. पण मग त्या कॉलबॅकमधून साध्या वेट-क्यूला वेक-अप करता येत नाही, तिच्यातही स्पिनलॉक आहे. तिथे वेक-अप-प्रोसेस किंवा कम्प्लीट वापरा.

हे सगळं डोळ्यांनी शोधत बसू नका. एक वेगळा डीबग कर्नल ठेवा, त्यात प्रूव्ह-लॉकिंग आणि डीबग-ॲटॉमिक-स्लीप हे कुलपांच्या चुका पकडणारे पर्याय चालू करा, आणि ड्रायव्हर त्यावर दिवसभर पिळून काढा. मॉड्यूल अर्थातच त्याच कर्नलच्या हेडर्सवर पुन्हा बिल्ड करून, वरची माझी गोष्ट आठवून. लॅटन्सी मात्र त्या कर्नलवर मोजू नका, आकडे भयानक येतात आणि माणूस उगाच खचतो.

यानंतर येतं प्रायॉरिटीचं गणित, आणि बहुतेकजण अडकतात ते इथेच. तुमच्या कार्डाचा इंटरप्ट आला की खरा हँडलर फक्त थ्रेडला जागं करतो. तो थ्रेड ‘आयआरक्यू’, पुढे नंबर आणि ड्रायव्हरचं नाव, असा पीएस कमांडच्या यादीत दिसतो आणि एससीएचईडी-फिफो या रिअल-टाइम रांगेत ५० प्रायॉरिटीवर असतो. नेटवर्क कार्डाचा थ्रेडही ५० वर आणि डिस्कचाही. तुम्ही कंट्रोल थ्रेडला ९० दिली आणि निवांत झालात, पण तो ज्याची वाट बघतोय तो इंटरप्ट थ्रेड ५० च्या रांगेत नेटवर्कच्या मागे उभा आहे. मग कोणी मोठी फाइल कॉपी केली की सायकल चुकते, आणि लोक म्हणतात आरटी कर्नल चालत नाही. सीएचआरटी या प्रायॉरिटी बदलणाऱ्या कमांडने कार्डाच्या इंटरप्ट थ्रेडला कंट्रोल थ्रेडच्याही वर न्या, समजा ९१ वर. साखळीतला सगळ्यात खालचा दुवा जिथे आहे, तीच तुमची खरी प्रायॉरिटी. हे काम बूटच्या वेळी एका छोट्या स्क्रिप्टने होतं, मॉड्यूलमधून करायचं नसतं.

तर, पीआयडी मॉड्यूलमध्ये घालावा का?

हा विचार कुठून येतो ते मला माहीत आहे, मीही तिथूनच आलोय. नव्वदच्या दशकात न्यू मेक्सिको टेकमध्ये व्हिक्टर योडायकेन आणि मायकेल बाराबानोव्ह यांनी आरटीलिनक्स केलं. पुढे मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये पाओलो मान्तेगाझ्झा यांच्या गटाने आरटीएआय केलं. त्या दोन्हींत लिनक्सच्या खाली एक छोटा रिअल-टाइम गाभा असायचा आणि सगळं लिनक्स त्याचं सर्वात कमी प्रायॉरिटीचं काम म्हणून चालायचं. रिअल-टाइम प्रोग्राम लिहायची सरळ वाट म्हणजे कर्नल मॉड्यूल लिहायचं आणि इन्समॉड करायचं. त्या काळातली ट्यूटोरियल्स अजून सापडतात आणि ‘मॉड्यूल म्हणजे रिअल-टाइम’ हे समीकरण डोक्यात बसवतात. प्रीएम्प्ट-आरटीचा मार्ग वेगळा आहे. २००४ च्या सुमारास इंगो मोल्नार यांच्या पॅचेसनी त्याची सुरुवात झाली, थॉमस ग्लाइक्सनर आणि इतरांनी ते काम वीस वर्षं ओढलं, आणि २०२४ मध्ये ६.१२ मध्ये ते मुख्य कर्नलमध्ये सामील झालं. इथे लिनक्सचाच जवळजवळ सगळा कोड मध्येच थांबवता येण्याजोगा केलाय. त्यामुळे युजरस्पेसमधला (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममधला) फिफो थ्रेड आणि कर्नलमधला थ्रेड हे शेड्यूलरच्या लेखी सारखेच. मॉड्यूलमध्ये गेल्याने रांगेत पुढचा नंबर मिळत नाही.

वाचतो काय, तर सिस्टिम कॉलचा खर्च, म्हणजे २५० मायक्रोसेकंदांच्या सायकलमध्ये किरकोळ रक्कम. आणि गमावता काय ते बघा. पीआयडीत डबल (दशांश आकड्यांचा प्रकार) वापरला असेल तर मॉड्यूल बहुधा कंपाइलच होणार नाही, कारण एक्स८६ वर कर्नलचा कोड एसएसई, म्हणजे दशांश गणिताच्या सूचना, बंद ठेवून कंपाइल होतो. कर्नल-एफपीयू-बिगिन करून वाट काढता येते, पण तेवढा वेळ प्रीएम्प्शन बंद राहतं, म्हणजे ज्यासाठी आरटी कर्नल आणला तेच तुम्ही बंद केलंत. फिक्स्ड-पॉइंटमध्ये लिहिलंत तर गेन बदलताना दरवेळी ओव्हरफ्लोचा हिशोब आला. लूप मॉड्यूलच्या इनिट फंक्शनमध्ये टाकलात तर इन्समॉड परतच येणार नाही. के-थ्रेड (कर्नलमधला थ्रेड) काढलात तर त्याला हवी ती प्रायॉरिटी मॉड्यूलमधून देता येत नाही, ५.९ पासून ती वाट बंद आहे. शेड-सेट-फिफो सरसकट ५० देतं, पुढचं पुन्हा सीएचआरटीनेच. आणि न झोपता गोल फिरणारा थ्रेड लिहिलात, तर त्या प्रोसेसरवर उपाशी राहिलेल्या साध्या कामांसाठी कर्नल दर सेकंदाला ५० मिलिसेकंद काढून घेतो. तुमच्या हिशोबाने सलग दोनशे सायकली गायब. शिवाय युजरस्पेसमध्ये चुकीचा पॉइंटर म्हणजे एक प्रोसेस मेली, वॉचडॉगने (प्रोग्राम जिवंत आहे का ते बघणाऱ्या राखणदाराने) आउटपुट खाली घेतले. कर्नलमध्ये तोच पॉइंटर म्हणजे सगळं मशीन गेलं, आणि सर्व्हो कुठे थांबला ते देवाला ठाऊक.

मी करीन ते असं: मॉड्यूलमध्ये फक्त इंटरप्ट स्वीकारणं, तो कार्डावर मिटवणं आणि वाट बघणाऱ्याला उठवणं एवढंच ठेवायचं. कार्डाची रजिस्टरं एम-मॅपने (प्रोग्रामच्या मेमरीत जोडून) युजरस्पेसला द्यायची. लिनक्समध्ये यूआयओ नावाची चौकट नेमकी याचसाठी आहे, तुमचा ड्रायव्हर कदाचित दीडशे ओळींवर येईल. पीआयडी युजरस्पेसमध्ये, फिफो थ्रेडवर, सुरुवातीलाच एम-लॉक-ऑल करून (सगळी मेमरी रॅममध्ये पक्की करून), लूपमध्ये मॅलॉक आणि फाइलवर लिहिणं टाळून.

याला अपवाद आहेत. सायकल २५० ऐवजी २०-२५ मायक्रोसेकंदांची असती, किंवा इंटरप्टनंतर काही मायक्रोसेकंदांत एक आउटपुट हललंच पाहिजे असं असतं, तर तेवढा तुकडा मी कर्नलमध्ये, न-थ्रेड केलेल्या हँडलरमध्ये ठेवला असता. खरं तर त्याही आधी मायक्रोकंट्रोलर किंवा एफपीजीए असलेलं कार्ड शोधलं असतं. तुमच्या कार्डावर काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, त्यामुळे यापुढे मला ठाम बोलता येणार नाही.

मॉड्यूल चढवण्याची वेळही सांभाळा. चालू मशीनवर इन्समॉड करणं म्हणजे मेमरी मागणं, कोडमध्ये पत्ते भरणं, काही ठिकाणी चालू कोड पॅच करणं, आणि त्यासाठी बाकीच्या प्रोसेसरांना इंटरप्ट पाठवणं. आरएममॉडचंही तेच. सायकल चालू असताना दोन्ही करायचं नाही. जे मॉड्यूल लागणार ते बूटमध्येच चढवा, यूएसबी पेनड्राइव्हचं सुद्धा. ऑपरेटर पेनड्राइव्ह लावतोच, आणि तेव्हा मॉडप्रोब गुपचूप चालतो.

आता सुरुवात अशी करा. तुमचं मॉड्यूल बाजूला ठेवून नुसत्या आरटी कर्नलवर सायक्लिकटेस्ट (थ्रेडला उठायला किती उशीर होतो ते मोजणारा प्रोग्राम) लावा, सोबत डिस्क आणि नेटवर्कवर भरपूर भार टाकून, निदान रात्रभर. त्याच मशीनवर एचडब्ल्यूलॅटडिटेक्टही चालवा. बायोसचे एसएमआय (कर्नलच्या नकळत येणारे इंटरप्ट) मध्येच वेळ खात असतील तर ते त्यात दिसतील, आणि त्यावर कुठलंही मॉड्यूल उपाय करू शकत नाही. रात्रभराचा कमाल आकडा शंभर मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर २५० ची सायकल युजरस्पेसमधून आरामात निघेल. मग मॉड्यूल चढवा आणि तीच चाचणी पुन्हा लावा. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर कमाल आकडे, तुमच्या हँडलरचा कोड आणि पीएसमधल्या आयआरक्यू थ्रेडांच्या प्रायॉरिटी इथे टाका, मग कुलपं एकेक करून बघू.